हीटर खिडकीखाली का असतो हे आधी विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर आम्ही इकडे मॅसॅच्युसेट्सला ऑनलाइन वाचतो आणि तिकडे आईवडीलही वाचतात, म्हणून इथल्या जुन्या घरातलं किचन नव्याने करताना हीटरच्या बाबतीत आमचं काय चुकलं, हे त्यांच्यामार्फत इकडच्या मुलांपर्यंत पोचावं असं वाटतं.

इथल्या जुन्या घरांत भिंतीच्या तळाशी पत्र्याची लांब पट्टी असते, बेसबोर्ड हीटर. आत तांब्याचा पाइप, त्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ चकत्या, आणि तळघरातल्या बॉयलरचं गरम पाणी त्यातून फिरत राहतं. आमच्या किचनमध्ये ती नेमकी खिडकीखाली होती आणि आम्हाला तिथे कपाटं हवी होती, तर किचन करणाऱ्याने ती काढून आतल्या भिंतीला लावली, तीही 8 फुटांची 4 फूट करून. जानेवारीत आई आली, खिडकीशी भाजी निवडायला बसली की तिचे पाय गारठायचे, दोन-दोन मोजे घालून बसायची बिचारी. काचेला लागून गार झालेली हवा खाली उतरते, तिला तिथल्या तिथे अडवायला हीटर खिडकीखाली असतो हे आम्हाला तेव्हा कळलं. आणि पाणी 180 फॅरनहाइट असलं तरी हीटरच्या फुटामागे तासाला साधारण 550-600 बीटीयूच (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) मिळतात, म्हणजे लांबी अर्धी केली की ऊब अर्धी, मग थर्मोस्टॅट, म्हणजे घर किती गरम ठेवायचं ते ठरवणारं बटण, कितीही वाढवा.

त्यात नवा पाइप त्याने बाहेरच्या भिंतीच्या पोकळीतून नेला होता. एका रात्री थर्मोस्टॅट कमी केला, पाणी फिरायचं थांबलं आणि पाइप गोठून फुटला. सगळे हीटर एकाच लाइनवर एकापुढे एक, त्यामुळे अख्खा मजला थंड, घरात म्हातारं माणूस आणि लहान मूल.

नंतर हीटिंगचंच काम करणारा प्लंबर आला. त्याने कपाटाच्या तळाच्या फटीत बसणारा छोटा पंख्याचा हीटर त्याच गरम पाण्यावर जोडला, पाइप आतून घेतला, लाकडातली भोकं जरा मोठी ठेवली कारण तांबं तापून वाढतं आणि घासलं की टकटक वाजतं, आणि शेवटी लाइनमधली सगळी हवा काढली, ती राहिली तर पाणी पुढे सरकत नाही. प्लास्टिकचा पेक्स पाइप घालायचा तर ऑक्सिजन बॅरियरवालाच, म्हणजे हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरू न देणारा, घ्या म्हणाला, नाहीतर बॉयलरचं लोखंड गंजतं.

जुन्या पाइपवर पांढरं गुंडाळलेलं दिसलं तर हात लावू नका, ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. अशा कामाच्या परमिटचं (परवानगीचं) टाऊन हॉलमध्ये, म्हणजे गावाच्या कचेरीत, आधीच विचारा. आणि घर बघायला जाल तेव्हा तळघरात उतरून बॉयलर आणि पाइप कुठून कुठे गेलेत ते बघा, किचनचं डिझाइन त्यानंतर.

एक वाचक, मॅसॅच्युसेट्स