बाबांच्या तापाविषयी, हॅम्बुर्गहून

तीर्थरूप आई आणि बाबा यांच्या चरणी मुग्धाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, बाबांना रुग्णालयात ठेवावे लागले होते हे संजूने मला ते घरी आल्यानंतर कळवले. दूर असलेल्या मुलीच्या जिवाला घोर नको म्हणून तुम्ही गप्प राहिलात, हे मला समजते आणि त्याबद्दल मी काही बोलणार नाही. रक्ततपासणीचे दोन्ही कागद मात्र मी नीट वाचले आहेत. टायफॉइडची लस घेतलेली असूनही हा ताप आलाच कसा, या आईच्या प्रश्नाचे उत्तर देणे तरी माझ्या हातचे आहे.

लस खोटी नव्हती आणि डॉक्टरांचेही काही चुकलेले नाही. कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीच्या, कागदावर 'साल्मोनेला पॅराटायफी ए' असे नाव आहे. हा पॅराटायफॉइडचा जिवाणू. टायफॉइडचा जिवाणू, म्हणजे टायफी, याच कुळातला. पण टायफीच्या अंगावर सर्वांत बाहेरून 'व्हीआय' नावाचे शर्करेचे वेष्टन असते. बाबांनी घेतलेली हैदराबादची लस, जिला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता दिली, ती शरीराला फक्त या वेष्टनाची ओळख करून देते. पॅराटायफी ए वर हे वेष्टन नसतेच, त्यामुळे लसीने तयार झालेल्या प्रतिपिंडांना धरायला त्याच्यावर काहीच सापडत नाही.

वेष्टनाच्या आत, जिवाणूच्या बाह्यपटलातून बाहेर डोकावणाऱ्या दुसऱ्या शर्करा असतात, आणि माझे काम त्यांच्यावरच चालते. आई अबोलीचा वळेसर करताना तीच ती फुले त्याच क्रमाने गुंफत जाते, तशी ही साखळी असते: मॅनोज, रॅम्नोज, गॅलॅक्टोज, पुन्हा मॅनोज, आणि प्रत्येक मॅनोजला बाजूने जोडलेली आणखी एक शर्करा. टायफीमध्ये ही बाजूची शर्करा टायव्हेलोज असते आणि पॅराटायफी ए मध्ये पॅराटोज. दोघींत अणू तेच आणि तेवढेच. फरक इतकाच की दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट एकीत एका बाजूला वळलेला असतो आणि दुसरीत विरुद्ध बाजूला. एवढ्याशा फरकावरून आपले शरीर दोन्ही जिवाणू वेगळे ओळखते, याचे मला अजूनही नवल वाटते. साखळीचा बाकीचा भाग मात्र दोघांत सारखा असल्यामुळे विडाल नावाच्या रक्ततपासणीत टी-ओचा, म्हणजे या साखळीविरुद्धच्या प्रतिपिंडांचा, आकडा दोन्ही तापांत वाढू शकतो. पहिल्या, विडालच्या कागदावर टायफॉइड आणि दुसऱ्यावर वेगळे नाव का, म्हणून संजू डॉक्टरांवर रागावला होता. त्याला हे वाचून दाखवा. १८९६ पासून चालत आलेली ती तपासणी अंदाज देते, खात्री रक्ताच्या कल्चरनेच होते.

आजीला सांगा की या शर्करा जिवाणू स्वतःच घडवतो. चहात साखर कमी घातल्याने त्या कमी होत नाहीत. बाबांच्या मधुमेहाचे पथ्य वेगळ्या कारणासाठी आहे आणि ते सोडायचे नाही.

मी जंतूंत हात घालून बसते अशी बाबांची समजूत झालेली दिसते. तसे अजिबात नाही. माझ्या टेबलापर्यंत जिवंत जिवाणू येतच नाही. मारलेल्या जिवाणूंपासून गरम फिनॉल आणि पाणी वापरून या शर्करा वेगळ्या काढतात. ही रीत वेस्टफाल आणि ल्युडेरिट्झ यांनी १९५२ साली दिली आणि आजही तीच चालते. माझ्या हाती येतो तो पिंजलेल्या कापसासारखा पांढरा, वजनाला अगदी हलका पदार्थ. तो जड पाण्यात, म्हणजे जड हायड्रोजन असलेल्या पाण्यात, विरघळवून बारीक काचेच्या नळीत भरायचा, नळी मोठ्या चुंबकात सोडायची आणि पडद्यावर उमटणारी शिखरे वाचायची. रॅम्नोजवर अॅसिटिल नावाचा एक लहान गट असतो. त्याचे शिखर जागेवर आहे ना, हे मी सर्वांत आधी पाहते, कारण अल्कलीचा स्पर्श झाला की तो गळून पडतो आणि मग त्या शर्करेपासून केलेली लस उपयोगाची राहत नाही. पॅराटायफॉइडवरची लस याच साखळीपासून करण्याचे प्रयत्न चालू आहेत. तेच शिखर मी इथे वाचत असताना बाबा तिकडे तापाने फणफणत होते, हे मनातून जात नाही.

इथली एक गोष्ट मला अद्याप उमगलेली नाही. ज्याचा वाढदिवस असतो त्यानेच सर्वांना खाऊ घालायचे, ही इथली रीत आहे. आणि तो खाऊ पुष्कळदा डुकराच्या मांसाचा कच्चा खिमा असतो. कच्चा म्हणजे अजिबात न शिजवलेला. मीठमिरी लावून, अर्ध्या कापलेल्या पावावर थापून, वर बारीक चिरलेला कांदा घालून, सकाळी नऊ वाजता, आणि तोही आयुष्यभर साल्मोनेलाचा अभ्यास केलेली माणसे आनंदाने खातात! विचारले तर सांगतात की मांसाची तपासणी कडक असते, ते थंड ठेवतात आणि त्याच दिवशी संपवतात. मी त्याला हात लावत नाही, हे आईला वेगळे सांगायला नको. शिवाय मांसातून येणारे साल्मोनेला निराळे. टायफॉइड आणि पॅराटायफॉइडचे जिवाणू फक्त माणसातच राहतात आणि दूषित पाण्या-अन्नातून पसरतात. तेव्हा काळजी इथल्या पावाची नव्हे, आपल्या विहिरीची करायची. पावसाळाभर पाणी उकळूनच प्या, आणि पाहुण्यांनाही तेच द्या.

रुग्णालयाच्या बिलाचे पैसे मी संजूच्या खात्यावर पाठवले आहेत. बाबांनी ते माझ्या नावाने बँकेत टाकू नयेत. उरतील त्यातून पाण्याची टाकी साफ करून घ्यावी आणि मागच्या पडवीच्या छपराचे नळे बदलावेत.

माझा इथला करार दोन वर्षांनी वाढला आहे आणि बाबांचे आजारपण कळण्याआधीच मी त्याला होकार दिला होता. चवथीला रजा मिळत नाही, त्यामुळे या वर्षी गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधायला मी नसेन. डिसेंबरात नक्की येते. कुडाळच्या मावशीने आणलेल्या स्थळाला मी नाही म्हणत नाही. मुलाशी फोनवर बोलायलाही माझी तयारी आहे. पण करार अर्धवट सोडून ये, अशी अट असेल तर ती मला मान्य नाही, आणि हे मावशीने त्या मंडळींना आताच स्पष्ट सांगावे. डिसेंबरपर्यंत ते थांबणार नसतील तर बाबांनी त्याचे मनाला लावून घेऊ नये.

तुमची,
मुग्धा