गाडीतला आकडा म्हणजे शहराचे तापमान नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना लागला की विदर्भात गाड्यांच्या डॅशबोर्डची छायाचित्रे फिरू लागतात. कुणाच्या गाडीत 48 अंश, कुणाच्या 50. आणि पुष्कळदा हेच आकडे ‘पारा पन्नाशीवर’ अशा मथळ्याखाली छापूनही येतात. ही गोष्ट मला गंभीर वाटते, म्हणून हे पत्र.

गेल्या मे महिन्यात दोन तास उन्हात उभी असलेली माझी गाडी सीताबर्डीवरून काढली, तेव्हा डॅशबोर्डवर 49 अंश दिसत होते. वर्धा रोडवरचे सिग्नल ओलांडेपर्यंत तो आकडा जागचा हलला नाही. बुटीबोरीच्या दिशेने गाडी सत्तर-ऐंशीच्या वेगाने धावू लागल्यावर मात्र तो एकेक अंशाने उतरत गेला आणि पंधरा मिनिटांत 44 वर थांबला. ऊन तेच होते, दुपारही तीच होती.

बाहेरच्या हवेचे तापमान मोजणारा सेन्सर बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरच्या किंवा जाळीच्या मागे, रस्त्यापासून हात-दीड हात उंचीवर बसवलेला असतो. काही गाड्यांत तो बाजूच्या आरशाखाली असतो. त्यात थर्मिस्टर नावाचा लहानसा घटक असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि त्यावरून गाडीतला संगणक अंश काढतो. हा घटक स्वतः सहसा एक-दोन अंशांपेक्षा जास्त चुकत नाही. तो बसवलेल्या जागेचेच तापमान इमानाने सांगतो. मात्र त्या जागेला खालून साठ अंशांवर तापलेले डांबर, मागून रेडिएटर आणि पुढून दुसऱ्या वाहनांची धग लागत असते. गाडी वेगात असली की ताजी हवा सेन्सरवरून वाहते आणि आकडा खऱ्याच्या जवळ येतो. उत्पादकांनाही हे ठाऊक आहे. म्हणूनच अनेक गाड्यांत अशी व्यवस्था असते, की इंजिन गरम असताना गाडी थांबली तर वाढलेला आकडा लगेच दाखवायचा नाही, उतरलेला मात्र तत्काळ दाखवायचा. तरीही उन्हात तासन्‌तास उभ्या राहिलेल्या गाडीपुढे ही युक्ती चालत नाही.

वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, मोकळ्या जागी सावलीत असतो. जगभर हीच पद्धत पाळली जाते, म्हणून तर नागपूरची तुलना राजस्थानातील फलोदीशी करता येते, जिथे 19 मे 2016 रोजी 51 अंशांची नोंद झाली.

शास्त्रीय उपकरणेही चुकतात, हे मी नाकारत नाही. मे 2024 मध्ये नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले होते आणि दिल्लीतील मुंगेशपूरच्या केंद्राने 52.9. मात्र हवामान विभागाने दोन्ही आकडे तपासले, नागपूरच्या केंद्रात बिघाड असल्याचे सांगितले आणि मुंगेशपूरच्या सेन्सरमध्ये तीन अंशांची चूक असल्याचे जाहीर केले. डॅशबोर्डच्या छायाचित्राला असे तपासणारे कोणी नसते.

चार-पाच अंशांनी काय बिघडते, असे कोणी म्हणेल. मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश असून सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असेल, तर हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. म्हणजे गाडीतली चूक एवढी असते, की तिच्या जोरावर एखाद्या साध्या कडक दिवसाचीही लाट होते. रोज असे आकडे वाचून सवय झालेला माणूस वेधशाळेचे 45 अंश ऐकून ‘एवढेच?’ म्हणतो आणि भर दुपारी डोक्याला रुमाल न बांधता बाहेर पडतो, याची मला खरी काळजी वाटते.

आपणास विनंती आहे, की डॅशबोर्डचे छायाचित्र छापायचेच असेल तर गाडी कुठे आणि किती वेळ उभी होती हे त्याखाली लिहावे आणि शेजारी सोनेगावच्या वेधशाळेची त्या दिवशीची कमाल नोंद ठळक द्यावी.

आपला,
एक वाचक, नागपूर