पाटल्या सोडून बाकी सगळं

परभणी,
रविवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

पनवेल गाडीने नीट पोचलीस हे आईकडून कळलं. मला फोन केला नाहीस, ते एका अर्थी बरंच झालं. या पत्रात पाटल्यांविषयी एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय.

तू गेल्यावर तुझा खेळाडूंच्या कार्डांचा डबा उघडला. विचारून उघडायला पाहिजे होता. कपाट कूलरसमोर आहे हे तुझ्याही लक्षात आलं नाही न् माझ्याही. उन्हाळाभर ओला वारा त्याच्यावर. चकाकणारी कार्डं धनुष्यासारखी वाकलीत. कागद ओल पितो, वरचा चकाकता थर पीत नाही, मग वाकणारच. वजन ठेवून किंवा इस्त्री फिरवून सरळ करायला जाऊ नकोस. डबा मी मधल्या खोलीत हलवलाय, आत सिलिका जेलच्या चार पुड्या टाकल्यात. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायच्या. अल्बमची जी पानं नव्या रेक्झिनसारखी वास मारतात ती पीव्हीसीची आहेत, काही वर्षांनी चिकट होऊन शाई उचलतात. ती काढून टाक. आधी पातळ पॉलिप्रॉपिलीनची पिशवी, मग कडक प्लास्टिकचा टॉपलोडर, आणि तोंडाला सेलोटेप नाही. रबरबँड तर अजिबात नाही, कडेला खाच पडते.

आणि कार्ड आत असताना पिशवीवर बॉलपेनने लिहू नये, माय. फिक्सिंगमध्ये अडकलेल्या क्रिकेटवाल्या क्रोनिएच्या पिशवीवर ‘2000, आजन्म बंदी’ लिहिलंस, अझरच्या पिशवीवर ‘बंदी 2000, हायकोर्टाने रद्द 2012’. अक्षर मोत्यासारखं आहे, पण कार्ड उजेडात तिरकं धरलं की ‘2012’चा दाब अझरच्या कपाळावर दिसतो. पट्टीवर लिहायचं आणि मग पट्टी चिकटवायची.

त्या अझरवरून आठवलं. 2000च्या हिवाळ्यात गल्लीतल्या पोरांनी त्याचे ट्रम्प कार्डचे पत्ते नालीत फेकले होते. तू ते वेचून आणलेस, धुतलेस आणि प्रेसमध्ये शाई वाळायच्या दोरीवर चिमट्याने लावलेस. लग्नपत्रिकांच्या रांगेत चार अझर! वर मलाच सांगितलंस, “बाबा, त्याचे 99 कसोटी सामने आणि 22 शतकं कुणी खोडली का?” पोरं त्याला खेळायला घेईनात, तू घेतलास आणि जिंकत राहिलीस. काकाचा फोटो भिंतीवरून उतरवला तेव्हाही तू काही बोलली नव्हतीस, नुसती खिळ्याकडे बघत होतीस. म्हणून उत्तेजकांवरून बंदी आलेले बेन जॉन्सन, आर्मस्ट्राँग, आणि अझर, क्रोनिए हे सगळे एका डब्यात का, हे मी तुला कधी विचारलं नाही. पण ज्याच्यावरून जग उठलं त्याला तू घरात घेतेस, हे विकणाऱ्याच्या फार लवकर लक्षात येतं. माझी काळजी एवढीच आहे. पाटल्यांची नाही.

आता त्या बेसबॉलपटू पीट रोजच्या कार्डाचं. बेसबॉल मला कळत नाही, छपाई कळते. 1963चं टॉप्स कंपनीचं 537 नंबरचं कार्ड, चार पोरांचे चार गोल फोटो, त्यातला एक तो. 4256 हिट्स मारल्या, स्वतःच्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावले, 1989मध्ये कायमचा बाहेर. सप्टेंबर 2024मध्ये वारला, मे 2025मध्ये त्याचं नाव बंदीच्या यादीतून काढलं, आणि तू लगेच कार्ड घेतलंस. घाई तिथेच झाली. माणूस मेला किंवा माफ झाला की सगळे एकदम विचारायला लागतात, आणि खराब माल त्याच आठवड्यात बाहेर पडतो. शिवाय या कार्डाच्या बनावट प्रती 1980च्या दशकाच्या सुरुवातीलाच निघाल्या होत्या.

तुझं बनावट नाही, असं मला वाटतं. दहापटीच्या भिंगाखाली फोटोत रंगांचे ठिपके फुलासारखे बसलेत, आणि नावांची काळी अक्षरं सलग भरीव आहेत. स्कॅन करून छापलेल्या कार्डावर अक्षरंही ठिपक्यांची होतात आणि त्यांच्या कडा विसविशीत दिसतात. इथवर ठीक.

पण उजवी कड बघ. व्हर्नियर लावला. उंची 88.9 मिमी, बरोबर साडेतीन इंच. रुंदी 63.5 पाहिजे, भरली 62.7. कारखान्यातही थोडं इकडेतिकडे कापलं जातं, म्हणून नुसत्या मापावर मी बोललो नसतो. डावे दोन कोपरे झिजून गोल झालेत आणि उजवे दोन सुईसारखे. साठ वर्षं एकाच खिशात राहिलेलं कार्ड एका बाजूनेच म्हातारं होतं का? डावी कड पिवळट, तंतू सुटलेले. उजवी पांढरी. उजवा समासही डाव्यापेक्षा बारीक. झिजलेले कोपरे लपवायला कुणीतरी नव्या पात्याने ही कड कापलेली आहे. कार्ड तपासून दर्जाचा आकडा देणारे ग्रेडिंगवाले असं कार्ड ‘छेडछाड’ म्हणून बाजूला काढतात, आकडा देत नाहीत, आणि किंमत तिथेच बसते.

कार्ड हातात येण्याआधी कडांचे जवळून काढलेले फोटो मागायचे होते, चारही. ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद डबीतलं घेतलं असतंस तर डबीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर ताडून पाहता आला असता. पाटल्या मोडताना सराफाने कसोटी लावली, वजन केलं, सगळं तुझ्या डोळ्यांदेखत. आणि त्याच पैशाचं कार्ड तू फोटोवर घेतलंस!

लिहिलं शेवटी. माफ कर. आजीने त्या तुझ्या हातात दिल्या होत्या, माझ्या नाही, तेव्हा हिशेब विचारणारा मी कोण. आणि क्रोनिएचं कार्ड तू पारखून, वाट बघून, शंभरेक रुपयांत घेतलंस, ते मी आत्याकडे जाऊन सांगून आलोय. बेसबॉलच्याच मॅग्वायर, बाँड्सची 1987ची कार्डं गठ्ठ्याने घेतली नाहीस तेही शहाणपण. ती स्टेरॉइडच्या बदनामीने स्वस्त नाहीत, वारेमाप छापली म्हणून स्वस्त आहेत. हे तुला मी शिकवलेलं नाही.

एक कर. त्याच 1963च्या सेटमधलं एखादं साध्या खेळाडूचं, कोपरे गेलेलं कार्ड स्वस्तात मिळेल, ते मागव. दोन्ही शेजारी ठेवून कड, जाडी, मागची छपाई ताडून बघू, सराफाच्या काट्यावर वजनही करू. विकणाऱ्याला लगेच काही लिहू नकोस. परत घेण्याची मुदत किती दिवसांची आहे ते मात्र आजच बघ.

सराफाकडे जाऊन आलो. अजून आटवल्या नाहीत म्हणतो. पौर्णिमेपर्यंत थांबेल.

सोबत भिंग पाठवतोय. चष्मा काढून, अगदी डोळ्याला टेकवून बघायचं, आणि कार्ड वर आणायचं, मान खाली घालायची नाही.

तुझा,
बाबा