शरद जोशी साहेब, तुमचे आभार मानायचे राहिले होते

आदरणीय साहेब,

१२ डिसेंबर २०१५ला तुम्ही गेलात. हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही, तरी उघडपणे लिहितेय. आमच्यासारख्या घरांवर तुमचं काय ऋण आहे, हे आताच्या पोरांना ठाऊक असायला हवं.

स्वित्झर्लंडमधल्या बर्नची आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली मोठी नोकरी सोडून तुम्ही चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतलीत. आधी स्वतः शेती करून पाहिलीत, तोटा का येतो त्याचा हिशेब मांडलात आणि मग १९७९ साली शेतकरी संघटना उभी केलीत. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आमच्या नाशिक जिल्ह्यात १९८०च्या नोव्हेंबरात कांदा आणि उसाच्या भावासाठी रस्ते अडले, रेल्वे अडली. त्या आंदोलनात माझे दादा, म्हणजे वडील, होते. त्याआधी कांदा मातीमोल गेला की ते नशिबाला बोल लावायचे. तुमच्या सभा ऐकल्यावर मात्र व्यापाऱ्याची हिशेबाची पट्टी घरी आली की तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे पडायला लागले : रोप, लागण, निंदणी, काढणी, बारदान, हमाली, तोलाई, गाडीभाडं. त्याखाली आईची मजुरी. घरच्या बाईच्या कामाला पैसे लावायचे, हे तोवर आमच्याकडे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

१९८६च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. आई शेजारणींबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली. नवऱ्याशिवाय मुक्कामाला राहायची तिची ती पहिलीच वेळ. पुढे तुम्ही लक्ष्मीमुक्तीची हाक दिलीत, की घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा. भावकीत कुरबुर झाली, आजोबा तर कित्येक दिवस धड बोलले नाहीत. पण दादांनी तलाठ्याकडे खेटे घालून सव्वा एकर आईच्या नावावर केलं. दादा गेल्यावर सोसायटीचं पीककर्ज तिच्या स्वतःच्या नावाने निघालं, कुणा दिराच्या सहीसाठी उंबरे झिजवावे लागले नाहीत. माझं पुढचं शिक्षण त्याच सव्वा एकरावर झालं. बाईच्या हातात जमीन म्हणजे काय, हे मी घरातच पाहिलंय.

तुमच्या राजकारणाबद्दलही आभार मानायचे आहेत. १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढलात, तो मतांच्या बाजारात फारसा चालला नाही. सबसिडी आणि फुकट वीज कबूल करून टाळ्या घेणं सोपं होतं. तुम्ही मात्र सांगत राहिलात की भीक नको, घामाचे दाम हवेत, आणि त्यासाठी बाजार मोकळा करा, निर्यात अडवू नका. जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध सगळीकडे ओरड चालली असतानाही तुम्ही त्याच्या बाजूने उभे राहिलात. सरकार शेतकऱ्याला देतं त्यापेक्षा भाव पाडून जास्त काढून घेतं, ही ‘उणे सबसिडी’ तुम्ही गावोगाव समजावलीत. २००४ ते २०१० राज्यसभेत होतात, तिथेही शेतकऱ्याची बाजू सोडली नाहीत.

एक गोष्ट मात्र मला आजही पटत नाही. ९ मार्च २०१०ला राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाच्या बाजूने १८६ मतं पडली आणि विरोधात एकच, तुमचं. राखीव मतदारसंघ आळीपाळीने फिरवण्याच्या पद्धतीवरचा तुमचा आक्षेप मला कळतो. पण चांदवडला जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी लोकसभेत किंवा विधानसभेत बसायला हवी होती, आणि ती वाट तुम्हीच मोकळी करायला हवी होती, असं मला वाटतं. तुमच्यापुढे असं स्पष्ट बोललेलं तुम्हाला चाललं असतं, म्हणूनच लिहिलं.

८ डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा माझ्या भाच्याने आजीला विचारलं, भाव एकदम कसा पडला? आईने त्याला ओट्यावर बसवून सगळं नीट समजावलं. बाहेरची मागणी तुटली की माल इथेच कसा साचतो, आणि स्वस्त कांदा कुणाला हवा असतो, तेसुद्धा. शाळा तिची चौथीपर्यंतच झालेली. बाकीचं ती तुमच्या सभांमध्ये शिकली.

मनापासून आभार, साहेब. आईनेही नमस्कार सांगितलाय.

आपली,
एका कांदा उत्पादकाची लेक