पेला दिला कुणी आणि घासला कुणी

लेस्टर, इंग्लंड
रविवार, रात्री

ती. आजीस साष्टांग नमस्कार. आई, बाबा, काकू, दादा, वहिनी, सगळ्यांना सप्रेम नमस्कार.

काकूचा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज आणि त्यावर दादाने पाठवलेली उत्तरं, दोन्ही मिळाली. काकूचं म्हणणं, तुम्ही टीव्हीवर बघता त्या मालिकेतल्या आबासाहेबांना थोरल्या सुनेनेच दुधातून विष देऊन मारलं, कारण मृत्युपत्रात बंगला तिच्या नावे आहे. दादाचं म्हणणं, धाकट्या मुलाने, कारण त्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि तो त्याच रात्री कोल्हापूरला निघून गेला. बाबांना सासूबाईंच्या, म्हणजे आबासाहेबांच्या बायकोच्या, डोळ्यांत अपराध दिसतो. वहिनी म्हणते, ज्याने केलं त्याच्यावर वेळच तशी आली होती. फोनवर तुम्ही चौघं एकदम बोलता, म्हणून हे सगळं लिहूनच काढतोय.

तुमचा घोळ एका शब्दापाशी आहे. ‘हेतू’ म्हणताना तुम्ही त्यात तीन गोष्टी कोंबता. हेतू म्हणजे माणसाने का केलं: बंगला, कर्ज, सूड. इरादा म्हणजे करताना काय घडवायचं होतं: जीवच घ्यायचा होता, की झोपेचं औषध देऊन कपाटाची किल्ली काढायची होती. तिसरी जाणीव: यातून माणूस मरू शकतो हे त्याला कळत होतं का. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०० सदोष मनुष्यवधाचं आणि १०१ खुनाचं आहे. दोन्ही कलमांत इरादा आणि जाणीव यांचं मोजमाप आहे. हेतू सिद्ध करा, असं त्यांत कुठेही म्हटलेलं नाही. सुनेने किल्लीसाठी गोळ्या घातल्या असतील आणि सासरे दगावले असतील, तर हेतू लोभाचाच राहतो, पण खून की खुनाहून कमी गंभीर असा सदोष मनुष्यवध हा वाद उभा राहतो. काकू, तू बंगल्यावर बोट ठेवतेस तेव्हा फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतेस.

म्हणून हेतू बिनकामाचा आहे असं नाही. पुराव्याचा नवा कायदा म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियम, त्याच्या कलम ६ प्रमाणे हेतू, तयारी आणि आधीचं-नंतरचं वागणं पुराव्यात येतं. डोळ्यांनी पाहिलेला विश्वासू साक्षीदार असला की हेतूला फारसं महत्त्व उरत नाही. सगळी मदार परिस्थितीजन्य पुराव्यावर असली की त्याचं वजन वाढतं. आबासाहेबांच्या खोलीत कुणी नव्हतं, तेव्हा तुमच्या मालिकेत ते वाढणारच. पण हेतू मोजायचा तो त्या रात्रीच्या घड्याळाप्रमाणे. मृत्युपत्र कपाटात आहे आणि त्यात बंगला आपल्या नावे आहे, हे सुनेला दूध देण्याआधी ठाऊक होतं का? वकील ते तेराव्यानंतर वाचून दाखवतो आणि तेव्हा तिच्या हातातली वाटी निसटते. ही दोन दृश्यं शेजारी ठेव. ठाऊकच नसलेला बंगला कुणाचाही हेतू होऊ शकत नाही. तिला आधी कळलं होतं असं दाखवणारं एखादं दृश्य सापडलं तर मला कळव, मी तुझ्या बाजूला येईन.

आता पेल्याकडे येतो, कारण सगळं तिथेच अडलंय. तुम्ही सांगितलेला क्रम असा: सुनेने दूध गरम केलं, हळद-साखर घातली, स्टीलच्या पेल्यात ओतलं, वर ताटली झाकली, ओट्यावर ठेवलं आणि फोन घ्यायला गॅलरीत गेली. पेला वर नेला सासूबाईंनी. सकाळी पेला घासून पालथा घातलेला सापडला. म्हणजे त्या पेल्याला किमान दोघींचे हात लागले आणि मधली काही मिनिटं तो एकटा होता. त्या मिनिटांत स्वयंपाकघरात कोण आलं-गेलं, हे कॅमेऱ्याने दाखवलेलं नाही. इन्स्पेक्टर मात्र ‘पेल्यावर सुनेचे ठसे’ म्हणून तिला उचलतो. एक तर घासलेल्या पेल्यावर ठसे कुठून आले? आणि मिळाले तरी स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या पेल्यावर तिचे ठसे असणारच. ठसा हात लागल्याचं सांगतो, कधी लागला ते साधारणपणे सांगत नाही. तिचे ठसे सासऱ्यांच्या बंद कपाटातल्या औषधाच्या बाटलीवर मिळाले असते, तर मी कान टवकारले असते.

विषाच्या खटल्यांसाठी आपल्याच राज्यातला एक निकाल आहे. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९८४. त्यात न्यायालयाने चार गोष्टी बघायला सांगितल्या: आरोपीला विष देण्याचा स्पष्ट हेतू होता का, मृत्यू त्याच विषाने झाला का, ते विष आरोपीच्या ताब्यात होतं का आणि ते द्यायची संधी त्याला मिळाली का. ही चाळणी तुमच्या तिघांना लावून बघा. सुनेला संधी होती, हेतू अर्धवट आहे, विष तिच्याकडे असल्याचं कुठेच दाखवलेलं नाही. धाकट्याला हेतू आहे आणि शेतावरच्या खोलीत कीटकनाशकाचा डबाही दाखवलाय, पण तो नऊ वाजताच घराबाहेर पडला असेल तर संधी कुठली? सासूबाईंना संधी सगळ्यांत जास्त, हेतू अजून शून्य. याच निकालात परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रंही आहेत. साखळीची प्रत्येक कडी पुरती सिद्ध झालेली हवी आणि आरोपी निर्दोष असण्याचा कुठलाही वाजवी पर्याय शिल्लक राहता कामा नये, हा त्यांचा गाभा. दादा, तू ‘त्यानेच केलं असणार’ म्हणतोस. कायद्याला ‘त्यानेच केलं, दुसरं काही संभवतच नाही’ इथवर जावं लागतं.

कोल्हापूरला पळून जाण्याचंही तेच. नुसत्या फरार होण्याने गुन्हा सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. निर्दोष माणूसही पोलिसांच्या, बदनामीच्या भीतीने पळतो. आणि सावकाराचा माणूस दारात बसलेला असताना तो कुणाला घाबरून गेला, हे लेखकाने मुद्दाम मोघम ठेवलंय.

त्या विषाबद्दलही एक तक्रार आहे. आबासाहेब दूध पितात, कूस बदलतात आणि शांत झोपेत जातात. शेतीतली नेहमीची फॉस्फरसयुक्त कीटकनाशकं अशी वागत नाहीत. त्यांना उग्र दर्प असतो. पोटात गेल्यावर घाम, लाळ, उलट्या, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकसणं, तोंडाला फेस असा प्रकार होतो. अंथरूण-पांघरूण स्वच्छ राहणं कठीण. म्हणजे एक तर तो डबा आपल्याला फसवायला ठेवलाय, किंवा लेखकाने अभ्यास केलेला नाही. मला पहिलं खरं वाटतं, कारण शवविच्छेदनाच्या दृश्यात त्यांनी बारकावा पाळलाय. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले पोटातले अवयव, मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवलेला दाखवलाय आणि तेच बरोबर आहे. विषाच्या तपासणीसाठी तो फॉर्मलिनमध्ये ठेवत नाहीत, कारण मग विष शोधणं अवघड होतं. तो मुंबईतल्या कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल दुसऱ्या दिवशीच्या भागात येतो, हे मात्र कुणी खरं मानू नये. तसंच डॉक्टर प्रेताकडे नुसतं बघून ‘मृत्यू अकरा वाजून वीस मिनिटांनी’ म्हणतात तेही. शरीर किती ताठलंय, किती गार पडलंय, रक्त कुठल्या बाजूला साकळलंय यावरून काही तासांचा पट्टा सांगता येतो, मिनिटं सांगता येत नाहीत. म्हणून धाकटा ‘अकरा वीसला स्टँडवर होता’ यावर दादाने रचलेली भिंत टिकणार नाही. आणि ती त्याच्या विरुद्ध जाते की बाजूने, हे दादाने स्वतःच एकदा तपासावं.

काकू, सुनेचा दीर, म्हणजे तो धाकटा मुलगा, तिसऱ्या आठवड्यात कोठडीत मार खाऊन ‘मीच केलं’ म्हणाला, तेव्हा तू म्हणे टीव्ही बंद करायला निघालीस. बंद करू नकोस. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. साक्ष्य अधिनियमाचं कलम २३, जुन्या कायद्यातली कलमं २५ ते २७. अपवाद एवढाच की त्याने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला तेवढाच तुकडा ग्राह्य. ‘डबा मी विहिरीत टाकला’ असं म्हणाला आणि पंचांसमक्ष डबा निघाला, तर डबा कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं एवढं ठरतं. ‘आणि त्यातलं विष मी दुधात घातलं’ हे शेपूट गळून पडतं. कबुली टिकायला ती दंडाधिकाऱ्यापुढे, सांगण्याची सक्ती नाही हे समजावून, स्वेच्छेने दिलेली लागते. मालिकेत पुढे कोर्टाचं प्रकरण आलं, तर हा जबाब पहिल्या फटक्यात उडेल.

वहिनीच्या मुद्द्यावर मी बराच विचार केला, कारण तो सगळ्यांत माणुसकीचा आहे. माणूस भडकला, त्याच्या हातून घडलं, त्याला खुनी म्हणायचं का? मुंबईतलं नानावटी प्रकरण बाबांनी आम्हाला लहानपणी सांगितलेलं आहे. २७ एप्रिल १९५९. पत्नीच्या संबंधांबद्दल कळल्यावर नौदलातल्या अधिकाऱ्याने तिच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. ज्यूरीने ८ विरुद्ध १ असं निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयाने ते फिरवलं आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. हेतू समजण्यासारखा नाही असं न्यायालय म्हणालं नव्हतं. न्यायालयाने घड्याळ बघितलं. नानावटीने दुपारी दीडला घर सोडलं, बायको-मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि गोळ्या झाडल्या चार वीसला. डोकं थंड व्हायला जवळजवळ तीन तास मिळाले होते. ‘गंभीर आणि अचानक प्रक्षोभ’ यातला ‘अचानक’ तिथे गळाला. इथे इंग्लंडमध्ये २०१० पासून ताबा अचानकच सुटलेला असावा अशी अट राहिलेली नाही, पण जोडीदाराची बेइमानी एवढंच कारण पुरेसं धरत नाहीत. दोन देशांनी एकाच प्रश्नाला वेगळीकडे हात घातला. तुमच्या मालिकेला यातलं काहीच लागू होत नाही, वहिनी, कारण विष आधी मिळवावं लागतं, लपवावं लागतं, संधी बघून घालावं लागतं. भडकलेला माणूस हाताला लागेल ते उचलतो. तरी तुझी कणव खोटी ठरत नाही. तिची जागा शिक्षेच्या वेळी आहे.

आणि बाबा, सासूबाईंचे डोळे. अपराधी वाटणं आणि अपराधी असणं यांत आपले लोक फार गल्लत करतात. पेला त्यांनी नेला. नवरा त्यानंतर गेला. विष कुणीही घातलेलं असो, त्या बाई जन्मभर स्वतःच्या हाताकडे बघत राहतील. तुम्ही टिपलेला तो शॉट, त्या देवघरात निरांजन लावताना बोटं पदराला पुसतात, दोन्ही अर्थांनी वाचता येतो. मला विचाराल तर तुम्ही बरोबर बाईकडे बघताय, पण चुकीच्या गुन्ह्यासाठी. पेला घासला कुणी? मोलकरीण आठला येते, पेला सातला पालथा होता. मुलाला किंवा सुनेला वाचवायला त्यांनी तो घासला असेल, तर न्याय संहितेच्या कलम २३८ खाली पुरावा नष्ट करण्याचा वेगळा गुन्हा होतो. मूळ गुन्ह्याला फाशीची तरतूद असेल तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण गुन्हा घडलाय हे त्यांना माहीत असायला हवं, किंवा तसं मानायला कारण असायला हवं. सवयीने घासला असेल तर काहीच नाही. चाळीस वर्षं रोज रात्रीचा पेला सकाळी घासणारी बाई त्या सकाळीही घासेल. हा प्रश्न मला अख्ख्या मालिकेत सगळ्यांत जड वाटतो.

थोडं बनवणाऱ्यांबद्दल. आठ-दहा भागांची मालिका आधी पूर्ण लिहिलेली असते, तिथे पहिल्या भागातला डबा शेवटच्या भागात उघडतो. रोजची मालिका चालता चालता लिहितात. टीआरपी घसरला, नट सोडून गेला, की खुनी बदलू शकतो आणि हेतू मागाहून चिकटवतात. म्हणून रोजच्या मालिकेत जुन्या खुणांवर फार भिस्त ठेवू नका. फ्लॅशबॅक आला की आधी बघा, तो कुणी सांगतंय का. पात्र सांगत असेल तर ती त्या पात्राची जबानी, खोटीही असू शकते. कुणीच सांगत नसताना कॅमेऱ्याने दाखवलं, तर ते लेखकाचं विधान आणि त्याला तो बांधील. सुनेचा ‘दूध दिलं आणि निघून आले’ हा फ्लॅशबॅक तिच्याच तोंडचा आहे. काकू, हा तुझ्या बाजूचा मुद्दा, बघ तुला वापरता आला तर. आणि संगीत चढलं की आवाज बंद करून तेच दृश्य पुन्हा बघा. निम्मा संशय सारंगीचा असतो.

दादा, एक वही कर. प्रत्येक भागानंतर कुणाला काय, कधी कळलं एवढंच लिही. ‘का केलं’ यासाठी वेगळं पान ठेव आणि ते शेवटी भर. तलावपाळीला फिरताना भांडण्यापेक्षा वही पुढ्यात घेऊन भांडा, काकू तुला हरवेल.

पुढच्या भागात मोलकरणीचा जबाब आहे म्हणे. ती आली तेव्हा घासणी ओली होती का, आणि ओट्यावरची ताटली कुठे होती, हे तिला कुणी विचारतं का ते बघा. ताटली अजून एकाही दृश्यात परत आलेली नाही. दुधावर झाकण होतं, ते ज्याने उचललं त्याचा हात तिच्यावर आहे. काकूने आठवून सांगावं, सासूबाई जिना चढताना पेल्यावर ताटली होती का?

आजीची गुडघ्याची गोळी चुकवू नका. उत्तर लवकर पाठवा, ताटलीचं आधी.

तुमचा,
धाकटा