फिस्टुलाचे प्रशिक्षण सोलापुरातच हवे

माझ्या आईचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा असते. त्यासाठी सुई टोचायला हातातली धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केलेला असतो. गेल्या वर्षी तिचा फिस्टुला अचानक बंद पडला. इथल्या रुग्णालयात सांगितले, "पुण्याला न्या." अडीचशे किलोमीटर, तेही डायलिसिस चुकलेल्या माणसाला घेऊन! शेवटी मानेत नळी घालून वेळ निभावली. पुढे त्याच नळीतून जंतुसंसर्ग झाला.

नवा फिस्टुला सुई टोचण्याजोगा व्हायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, म्हणून असलेला वाचवणे फार मोलाचे. अरुंद झालेली शीर फुग्याने रुंद करता येते, गुठळीही वेळेत काढता येते. पण हे काम जाणकारांच्या हाताखाली शिकावे लागते.

२०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची यंत्रे आली, हे चांगलेच झाले. आता इथल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने तरुण डॉक्टरांसाठी हे प्रशिक्षण सुरू करावे. तंत्रज्ञांनाही त्यात घ्यावे, कारण रोज सुई तेच टोचतात आणि एकाच जागी सारखे टोचल्याने शीर फुगते. अक्कलकोट, मंगळवेढ्याहून एसटीने येणाऱ्या रुग्णांना पुण्याचा खर्च झेपणारा नाही.

- एका रुग्णाचा मुलगा, सोलापूर