आईच्या कॉलेजबद्दल, कोलंबसहून

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,

सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, जाड कोट घेतलाय, आणि रात्री लॅबमधून येताना सोबत मैत्रीण असते. बाबा, बर्फाचे व्हिडिओ बघून काळजी करू नका. इथे घरं आतून उबदार असतात, कराडच्या थंडीत आपण जास्त कुडकुडतो.

परवा फोनवर एक गोष्ट अर्धी राहिली. आमच्या मृदाशास्त्राच्या वर्गात पहिल्या बाकावर एक आजी बसतात असं मी सांगितलं, तेव्हा आई, तू विचारलंस, ‘त्यांना या वयात पदवी घेऊन काय करायचंय?’ त्यांना पदवी मिळणारच नाहीये. मलाही सुरुवातीला हे उमजत नव्हतं, म्हणून नीट लिहिते.

इथे ओहायो राज्यात एक कायदाच आहे. साठी पूर्ण झालेला आणि राज्यात निदान वर्षभर राहिलेला कुणीही माणूस सरकारी विद्यापीठाच्या वर्गात शिकवणीची फी न भरता बसू शकतो. वर्गात जागा उरलेली हवी आणि शिकवणाऱ्याची संमती हवी. आमच्या विद्यापीठात याला ‘प्रोग्रॅम सिक्स्टी’ म्हणतात, आणि हे १९७०च्या दशकापासून चालू आहे. फी भरणाऱ्या मुलांच्या जागा आधी, मग उरलेल्या खुर्च्यांवर आजी-आजोबा. पुस्तकं ज्याची त्याने आणायची. गुण नाहीत, क्रेडिट नाही, शेवटी हातात कागद नाही. तरी माणसं पाठीवर सॅक टाकून, बर्फ तुडवत येतात आणि तासभर टिपणं काढतात. वर्गातल्या पोरांना त्याचं काही विशेष वाटत नाही. कुणी उठून खुर्ची देत नाही, कुणी कौतुकही करत नाही. शेजारची एकोणीस वर्षांची मुलगी आजींकडे खुशाल वही मागते. मला मात्र पहिले काही दिवस सारखं वाटायचं, उठावं आणि त्यांना पाणी तरी विचारावं.

या आजींनी आयुष्यभर शाळेची बस चालवली. त्यांच्या वडिलांची वायव्य ओहायोत मका-सोयाबीनची शेती होती. तो सगळा भाग पूर्वी ‘ग्रेट ब्लॅक स्वॅम्प’ नावाची अफाट दलदल होता. एकोणिसाव्या शतकात लोकांनी चर खणले, जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरल्या आणि ती दलदल लागवडीखाली आणली. आजींना लहानपणापासून एकच प्रश्न होता : शेजाऱ्याचं रान वाफशावर यायचं, तरी आपल्या रानात पाणी का साचून राहायचं? तो प्रश्न घेऊन त्या आता कॉलेजात आल्यात. बाबा, कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत आता सच्छिद्र पाइप घालून पाणी काढतात ना, त्याचं तत्त्व हेच. मी आजींना आपल्या भागातल्या काळ्या मातीबद्दल सांगितलं, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात म्हटलं, तर त्यांनी ते लिहून घेतलं.

तुम्ही म्हणाल, श्रीमंतांच्या देशात परवडतं हे. पण हे विद्यापीठ १८७० साली निघालं तेच शेतकी आणि यांत्रिकी कॉलेज म्हणून, सरकारने शिक्षणासाठी दिलेल्या जमिनींच्या पैशातून. लोकांच्या पैशाचं कॉलेज लोकांना म्हातारपणीही उघडं असावं, यात मला तरी चैन दिसत नाही.

आई, हे सगळं मी तुझ्यासाठी लिहितेय. तुझं एफ.वाय. झालं आणि लग्न ठरलं. मग दादा, मग मी, मग आजीचं अंथरूण. आता तू म्हणतेस वेळ गेली. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं ते अशांसाठीच. दादाने अभ्यास केंद्रात चौकशी केली आहे. पुस्तकं मराठीत, घरी बसून वाचायची, तास सुटीच्या दिवशी. परीक्षा असते, पण पेपरला तू कधी घाबरली नाहीस. आणि लोक हसतील म्हणालीस ना? मुरबाडजवळच्या फांगणे गावात २०१६ पासून आजीबाईंची शाळा भरते. गुलाबी साड्या नेसून, खांद्याला दप्तर लावून आज्या बाराखडी गिरवतात, आणि त्या गावाचं नाव जगभर गेलं. तू तर पुढची बी.ए. करायची आहेस.

लांबून सांगायला काय जातं, असं बाबा म्हणतील. जवळ असते तर तुझ्या अभ्यासाच्या वेळी पोळ्या मीच केल्या असत्या. वहिनीशी बोलले आहे, ती म्हणाली संध्याकाळचं मी बघते.

बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मला येता येत नाही. सत्र मध्यावर आहे, आणि मी इथे वर्गाला शिकवते त्यावरच माझी शिष्यवृत्ती आहे. दादा सोबत आहे, डॉक्टर ओळखीचे आहेत, सगळं नीटच होईल. पैसे दादाच्या खात्यावर पाठवलेत. त्यात आईची फी आहे, ती बाजूला काढा. ‘आधी छताची गळती बघू’ म्हणू नका, त्याचे पुढच्या महिन्यात पाठवते. माझं इथे व्यवस्थित भागतं, पोट मारून पाठवत नाही.

सांगलीच्या स्थळाबद्दल : मुलाशी दोनदा बोलले. साधा वाटला, कामाबद्दल मनापासून बोलतो. मी नाही म्हणत नाही. पण प्रबंध हातावेगळा होईपर्यंत तारीख धरू नका, आणि मावशीला ‘ठरलं’ असं सांगू नका. शिकणं मध्येच सोडून लग्न करायचं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि आई, ते तुला तरी कळेल.

तुझी बारावीची आणि एफ.वाय.ची गुणपत्रिका माळ्यावरच्या ट्रंकेत, लग्नाच्या अल्बमखाली आहे. दादाला काढायला सांग, दोन्हींच्या झेरॉक्स लागतील.

ओवीला पापा.

तुमची,
शमा